पट्ट्यातलं हँडल

हेस्टर ट्रँटर ही माझ्या गिऱ्हाइकांतली सगळ्यात भित्री बाई. माझी कोळशाची बोट दर पंधरवड्याला या कालव्यावरून खाली जाते आणि परत वर येते. वाटेत काठाला बांधलेल्या बोटींना मी कोळशाची पोती, डिझेल, गॅसच्या टाक्या देत जातो. त्यामुळे कुणाच्या बोटीत काय आहे, काय नाही आणि कोण कशाला भितं हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. कुणी थंडीला भितं, कुणी उंदरांना. एक पोलिसातून निवृत्त झालेला गृहस्थ हंसांना भितो. हेस्टर सगळ्यालाच भ्यायची, आणि मी तिला हसायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझीच नाचक्की आहे, आणि ती झाकून ही गोष्ट सांगता येणार नाही.

तिची बोट ‘मार्जोरम’ पन्नास फूट लांब, आणि आत उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतील इतकी अरुंद. तेवढ्या जागेत हेस्टरनं दुकान थाटलं होतं. शेगडीच्या वर विषारी वायूचा अलार्म, पलंगापाशी आणखी एक, कारण पहिला बिघडला तर काय? शेगडीशेजारी आग विझवायचं कांबळं, लाल पिशवीत, ओढलं की हातात येईल असं. उशाशी टॉर्च आणि हातोडा. हातोडा कशाला, तर बोट बुडायला लागली आणि दार अडकलं तर खिडकी फोडायला. मागच्या दाराशी पावाची दातेरी सुरी, बोटीखालच्या पंख्यात दोर अडकला तर कापायला. छपरावर लांब काठी, फळी, पाण्यात फेकायचं तरंगतं कडं, आणि सुतळीला बांधलेलं एक लोहचुंबक. पाण्यात पडलेलं लोखंड त्यानं वर काढतात.

“अगं, कालव्यात पाणी माझ्या कमरेएवढं,” मी तिला म्हणायचो. “बोट बुडाली तरी तू पलंगावर उभी राहून पेपर वाचशील. हातोडा कशाला?”

“आणि लॉकमध्ये?” ती विचारायची.

त्यावर मी पुढचं पोतं उचलायचो. कालवा जिथं उतरतो तिथं बोट वर-खाली न्यायचं दारांचं कुंड म्हणजे लॉक. त्यात पाणी खोल असतं, आणि तिथं काय होतं हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिचा नवरा आयव्हर तीन वर्षांपूर्वी हॅझलकोटच्या उतारावर, पाच लॉकांपैकी तिसऱ्या लॉकात बुडून गेला होता. दारावरच्या फळीवरून पलीकडं जाताना पाय घसरला. जानेवारी महिना, बर्फासारखं पाणी, अंगात जाड कोट. मी त्या दिवशी तिकडं नव्हतो. सगळ्यांना जेवढं कळलं तेवढंच मलाही कळलं, आणि जास्त विचारायला माझी जीभ रेटली नाही.

तेव्हापासून हेस्टर एकदाही लॉकातून गेली नाही. वरच्या पाच मैलांच्या सपाट पाण्यातच ती रहायची. नियमाप्रमाणे दर पंधरा दिवसांनी बोट हलवायची, पण ती पाणचक्कीपासून दगडी पुलापर्यंत आणि पुन्हा पाणचक्कीपर्यंत, इतकंच. तरीसुद्धा कोटावरून आयव्हरचा चामडी पट्टा आवळलेला असायचा, आणि त्यात पाठीमागं लॉकचं हँडल खोचलेलं. दुसरं हँडल हातात. लोखंडाचा काटकोनात वाकवलेला दांडा, टोकाला चौकोनी भोक. ते लॉकच्या दारावरच्या चौकोनी दांड्यावर बसवून फिरवलं की दारातली झडप वर उचलली जाते आणि पाणी सुटतं. उलटं फिरवलं की झडप बंद. हँडल नसेल तर माणूस लॉकपुढं नुसता उभा.

“बँक लुटायला निघालीस का?” मी तिच्या पट्ट्याकडं बघून विचारायचो. “लॉकचं तोंड बघत नाहीस, आणि हँडलं दोन-दोन?”

“तू तुझा कोळसा उतरव, क्लेम,” ती म्हणायची.

रोज सकाळी चहाच्या आधी ती बोटीतल्या एकेका वस्तूला हात लावत पुढून मागं जायची. अलार्म, कांबळं, टॉर्च, हातोडा, सुरी. ओठ हलत असायचे. सगळ्यात शेवटी मागच्या दाराच्या पाठीमागं एक पितळी आकडा होता, त्यालाही हात लावायची. त्या आकड्यावर काहीच टांगलेलं नसायचं. मी म्हणायचो, म्हातारीला आठवतच नाहीये तिथं काय होतं ते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. संधिवात असणार, असं मी धरून चाललो होतो. एकदा पोत्याबरोबर मलमाची डबीही आणून दिली. तिनं ती घेतली, ‘बरं’ म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली.

फेब्रुवारीत सगळ्या बोटींना कागद आला. पाणचक्कीजवळचा काठ फुगलाय, मार्चमध्ये दुरुस्तीसाठी वरच्या टप्प्यातलं सगळं पाणी काढणार, तोवर सगळ्यांनी खाली उतरावं. खाली उतरायचं म्हणजे हॅझलकोटची पाच लॉकं. दुसरी वाट नाही.

त्याच आठवड्यात तिची मुलगी जोसलिन आली. शहरात चौथ्या मजल्यावर राहते, एक खोली आईसाठी रंगवून तयार ठेवलेली. मी पोती उतरवत होतो, तेव्हा तिनं मला आत बोलावलं. हेस्टर शेगडीपाशी बसली होती, हात मांडीखाली दाबून.

“क्लेम, तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारते,” जोसलिन म्हणाली. “आईला आता बोटीवर एकटीला राहू द्यायचं का? ती स्वतः काही सांगत नाही. ती सांगते हातोडा कुठंय ते.”

“मला काय विचारतेस?”

“तुम्ही तिच्याबरोबर ही पाच लॉकं उतरा. झडपा ती उघडेल, बोट तुम्ही सांभाळा. शनिवारी बारा वाजता मी खालच्या पुलावर गाडी घेऊन उभी राहते. तुम्ही म्हणालात जमेल, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही म्हणालात, तर बोट विकायची आणि आई माझ्याबरोबर त्याच दिवशी येईल.”

मी हेस्टरकडं पाहिलं. “तुला चालेल?”

“क्लेम म्हणेल ते,” ती म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला तेव्हा वाटलं की ती लॉकांना भितेय. ती चौथ्या मजल्यालाही तितकीच भीत होती, हे मला कळायला हवं होतं.

खरं सांगायचं तर माझा निकाल ठरलेला होता. असल्या जिवानं पाण्यावर राहू नये असं माझं मत होतं, आणि तीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाचं मत म्हणून मला त्याचं कौतुकही होतं. तरी एक संधी द्यावी, म्हणून शनिवारी सकाळी नऊला मी माझी बोट खाली सोडून चालत वर गेलो आणि मार्जोरमवर चढलो. हेस्टर पट्टा आवळून तयार होती. एक हँडल हातात, एक पाठीत. माझ्यासाठी नारिंगी लाइफ जॅकेट काढून ठेवलेलं.

“ते मी घालणार नाही,” मी म्हटलं. “आणि तूही आज माणसासारखी चल. पट्ट्यातलं ते काढ.”

“राहू दे की.”

“जोसलिननं बघितलं तर काय म्हणेल? काढ. एका वेळी एकच झडप उघडतात, एकच हँडल लागतं. तू जितकं अंगावर वागवशील तितकी जास्त भिशील.”

तिनं काढलं नाही. मग मीच तिच्या मागं जाऊन पट्ट्यातून ते हँडल ओढून काढलं आणि दारामागच्या रिकाम्या पितळी आकड्याला अडकवलं. “हे बघ. आकडा आहेच की ह्याच्यासाठी. इथं राहू दे.”

हेस्टर त्या आकड्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. पण ती “ठीक आहे” म्हणाली आणि आत गेली. दोन मिनिटांनी बाहेर आली तेव्हा कोट गळ्यापर्यंत बंद केलेला होता, पाचही बटणं.

पहिलं लॉक नीट झालं. दुसरंही झालं, पण तिनं झडप इतकी हळू उघडली की माझे पाय गारठले. लॉक म्हणजे दोन दारांमधली दगडी पेटी, बोट जेमतेम मावेल एवढी. वरचं दार मागं लावायचं, खालच्या दाराची झडप उघडायची, आणि पाणी ओसरेल तशी बोट खाली जाते. मागं वरच्या दाराच्या तळाशी दगडी उंबरठा असतो. बोटीची मागची बाजू त्यावर टेकली तर पुढची खाली जाते आणि मागची वरच राहते, मग बोट गेलीच. म्हणून बोट पुढं धरून ठेवायला काठावरच्या खुंट्याला दोराचा एक वेढा द्यायचा आणि टोक हातात धरून, बोट खाली जाईल तसा सैल सोडत जायचं.

तिसऱ्या लॉकापाशी हेस्टर थांबली. मी बोट आत घेतली, तिनं वरचं दार लावलं, आणि मग ती काठावरून माझ्याकडं खाली वाकली. ओठ निळे पडले होते.

“दोर बांधू नकोस हं, क्लेम. हातात धर.”

“मला शिकवतेस?”

“हातातच धर. बांधायचा नाही.”

“हेस्टर, तुझ्या लग्नाच्या आधीपासून मी दोर धरतोय,” मी म्हटलं. ते खोटं होतं, ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. “जा. आणि या वेळी झडप पूर्ण उघड. असं थेंब-थेंब करत राहिलीस तर बारा काय, तीन वाजतील.”

ती गेली. मी दोर धरून उभा राहिलो. खालच्या दारापाशी तिनं हँडल बसवलं, झडप पूर्ण उघडली, ती खाली घसरू नये म्हणून असलेली खिटी दात्यात अडकली, पाणी घुसमटत बाहेर पडायला लागलं. आणि आत शेगडीवर किटली शिट्टी मारायला लागली.

चहाची तलफ, दुसरं काही नाही. मी दोराचे दोन वेढे खुंट्याला घातले, टोक बोटीच्या मागच्या खुंटीला बांधलं आणि मिनिटभरात येतो असं स्वतःलाच सांगून आत उतरलो. बोट उंबरठ्यावर जाऊ नये म्हणून बांधला, असं मी नंतर मनाशी म्हणायचा प्रयत्न केला, पण खरं कारण किटली होती. असल्या चुकीसाठी मी नवशिक्यांना काठावर उभं करून चारचौघांत झापलेलं आहे.

किटली उतरवली. कप घेतले. हेस्टर वरून ओरडत होती, पण त्या शिट्टीत मला ते ऐकू आलं नव्हतं, आणि आता ऐकू आलं तरी मला वाटलं, ओरडतेच ती. मग माझ्या हातातला कप आपोआप एका बाजूला गेला. मी सरळ उभा होतो आणि भिंत माझ्याकडं येत होती.

पाणी खाली गेलं होतं आणि बोट दोराला लटकली होती. एक बाजू वर, दुसरी खाली. कपाटांची दारं उघडली आणि बशा माझ्या पायांवर कोसळल्या. शेगडीचं दार निसटलं आणि पेटते निखारे जमिनीवरच्या चटईवर सांडले. हात आपोआप शेजारच्या लाल पिशवीकडं गेला, मी कांबळं ओढलं आणि निखाऱ्यांवर टाकलं. धूर झाला. दोन्ही अलार्म एकदम किंचाळायला लागले. बोट आणखी कलली. मी चार पायांवर रांगत मागच्या दाराकडं निघालो, आणि तोंडातून काय शब्द बाहेर पडत होते ते मला आठवत नाही.

बाहेर डोकं काढलं तर दोर लोखंडी सळईसारखा ताठ झाला होता आणि करकरत होता. दोन्ही वेढे एकमेकांवर चढून आवळले होते. पंधरा टनांचं वजन असताना ती गाठ सुटायची नाही. बोटीची दुसरी कड पाण्याला टेकली होती, आणि तिथल्या इंजिनाच्या हवेच्या भोकातून पाणी गुळगुळ आत येत होतं. चारी बाजूंना शेवाळलेल्या भिंती, वर आभाळाची पट्टी. या लॉकातून मी हजारदा गेलोय. ते इतकं खोल आहे हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

हेस्टर खालच्या दारापाशी होती. तिनं हँडल पुन्हा दांड्यावर बसवलं होतं आणि झडप बंद करायला फिरवत होती. एक फेरा, दोन फेरे. मग घाईत ते नीट बसलं नसावं. ते निसटलं, दगडावर खणकन आपटलं आणि दाराच्या पलीकडं पाण्यात गेलं. खिटी दात्यात पुन्हा बसली. झडप अर्ध्याहून जास्त उघडीच होती.

माझी बोबडी वळली. झडपेचं वजन हँडलनं उचलल्याशिवाय ती खिटी निघत नाही. दुसरं हँडल मीच तिच्या पाठीतून ओढून आत आकड्याला लावलं होतं. मी दारातून मागं पाहिलं. आकडा रिकामा होता. हँडल त्या कोपऱ्यात, बशा, कोळसा आणि पाण्याखाली कुठंतरी. आणि सापडलं असतं तरी ती आठ फूट वर, पन्नास फूट पुढं.

मी सुरीला हात घातला.

“कापू नकोस!” ती ओरडली. “क्लेम! कापलास तर बोट आपटेल आणि तू तिच्याखाली जाशील. हात काढ तिथून!”

“मग काय करू?” मी ओरडलो. माझा आवाज लहान पोरासारखा फुटला होता. “हेस्टर, काहीतरी कर! हेस्टर!”

ती माझ्याकडं बघत होती, आणि तिनं कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. आता ही कोट काढून पाण्यात उडी मारणार. हातमोजे दातांनी ओढून काढले. पहिलं बटण. तिची वाकडी बोटं बटणावरून घसरत होती, ते मला खालूनही दिसत होतं. दुसरं. दोर माझ्या कानाशी किरकिरला. तिसरं बटण अडकलं, तिनं ते उपटून टाकलं. चौथं. पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं. पाचवं. कोटाच्या आतून, गळ्यात दोरीनं लोंबकळणारं, गंजलेलं, मुठीशी झिजून चकचकीत झालेलं एक हँडल तिनं बाहेर काढलं.

तिनं घाई केली नाही. ते दांड्यावर बसवलं, दोनदा हलवून पाहिलं, मग वजन उचललं. खिटी निघाली. तिनं झडप हळूहळू खाली आणली, आणि पाण्याचा आवाज बंद झाला.

“हलू नकोस,” ती म्हणाली. “श्वास घे, पण हलू नकोस.”

वरच्या दारापर्यंत ती काठ धरून, जवळजवळ बसत-बसत गेली. तिथली झडप तिनं चार बोटं उघडली, जास्त नाही. पाणी परत आत यायला लागलं, पायाखालची बोट इंचाइंचानं सरळ झाली, आणि किती वेळानं ते देवाला ठाऊक, दोर सैल पडला. मी गाठ सोडली. मला वाटलं आता मला बाहेर घेतील, ब्रँडी देतील, कुणीतरी पाठीवर हात ठेवेल. हेस्टर वरून म्हणाली, “आता एक वेढा घाल आणि टोक हातात धर.”

“अगं, जरा थांबूया.”

“इथं थांबायचं नाही मला. या लॉकात नाही. धर.”

मी धरला. ती पुन्हा खालच्या दारापाशी गेली, झडप उघडली, आणि बोट सरळ, शहाण्यासारखी खाली गेली. मी दोर सैल सोडत होतो आणि माझे दात वाजत होते.

खाली बाहेर पडल्यावर काठाला बोट बांधली आणि मी गवतावर बसलो. हेस्टरनं बादलीनं आतलं पाणी उपसलं, राख काढली, आणि मग डब्यातली उरलेली बिस्किटं घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्याकडं बघू शकत नव्हतो.

“मी बांधला दोर,” मी म्हटलं.

“बघितलं मी.”

“आणि ते हँडल तुझ्या पट्ट्यातून मी काढलं.”

“तेही बघितलं.” तिनं बिस्किट मोडलं. “तू ते त्याच आकड्याला लावलंस, क्लेम. त्या दिवशी आमच्याकडं दोन होती. एक आयव्हरच्या पट्ट्यात आणि दुसरं त्या आकड्यावर. आयव्हर म्हणायचा, आहे की तिथं, लागलं तर घेऊ. झडप त्यानं उघडली आणि हँडल पट्ट्यात खोचून फळीवरून निघाला. मी वर होते, काठावर. तो दाराशी पाण्यात गेला, आणि पाणी त्याला झडपेकडं ओढायला लागलं. झडप बंद करायला पाहिजे होती. हँडल त्याच्याबरोबर खाली. दुसरं बोटीत, आकड्यावर, आठ फूट खाली.”

मी तिच्या हाताकडं पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “हातानं फिरवायचा प्रयत्न केला. बोटं मोडली. दांडा फिरला नाही.” मग तिनं कोटावरून गळ्यातल्या त्या हँडलवर तळवा ठेवला. “हे त्याचं. त्याच्या पट्ट्यात सापडलं, त्याला वर काढलं तेव्हा.”

मलमाची डबी मला आठवली. कुठं तोंड लपवू असं झालं. मी “हेस्टर” एवढंच म्हणालो, आणि ती म्हणाली, “खा. अजून दोन लॉकं राहिलीत.”

ती दोन्ही आम्ही उतरलो, दोराचं टोक माझ्या हातातच. लाइफ जॅकेट मी घातलं होतं. तिनं ते दिलं नव्हतं, मीच मागितलं.

खालच्या पुलावर जोसलिन गाडीला टेकून उभी होती. सव्वा वाजला होता. तिनं आईचं उपटलेलं बटण पाहिलं, माझी ओली विजार पाहिली, आत डोकावून जळकी चटई पाहिली.

“काय झालं?”

“मी दोर बांधून चहा करायला गेलो,” मी म्हटलं. “बोट लटकली. तुझ्या आईनं मला बाहेर काढलं.”

जोसलिनचे डोळे मोठे झाले. “आणि आई? घाबरली असेल!”

“मेली होती घाबरून,” हेस्टर म्हणाली. “अजूनही आहे.”

“मग?” जोसलिन माझ्याकडं वळली. “क्लेम, काय म्हणताय? राहील ती?”

“तिला कुठंही नेऊ नकोस,” मी म्हटलं. “आणि विचारायचंच असेल, तर बोटीवर एकट्यानं राहायला मी लायक आहे का, ते हिला विचार.”

जोसलिननं खाली बघितलं, मग आईच्या गळ्यातल्या दोरीला हात लावला, ती ओढून ते गंजलेलं हँडल बघितलं. तिनं ते ओळखलं असावं, कारण तिचा आवाज एकदम खाली आला. “आई, दोन असताना हे तिसरं कशाला गं?”

“एक हातातून पडायला,” हेस्टर म्हणाली, “एक कुणी शहाण्यानं काढून घ्यायला, आणि एक झडप बंद करायला.”

मी हसलो नाही. जोसलिन हसली आणि मग आईला मिठी मारून बराच वेळ तशीच उभी राहिली. तिला परत शहरात जायचं होतं, ती एकटीच गेली.

मी माझ्या बोटीकडं निघालो, तेव्हा हेस्टरनं हाक मारली. तिनं कपाटातून पेचकस काढला होता. “जरा ये आत. माझ्या बोटांत जोर नाही.”

मागच्या दारामागचा तो पितळी आकडा मी काढला. दोनच स्क्रू होते. ती शेजारी उभी राहून बघत होती.

“रोज सकाळी याला हात लावायचीस,” मी म्हटलं. “मला वाटायचं, इथं काय असायचं ते तू विसरलीयस.”

“रिकामा आहे ना, ते बघायचे,” ती म्हणाली.